दुर्बीण, काडतूस आणि नेम

वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, अर्थकारणावर बोलावे, फार तर ग्रहताऱ्यांवर बोलावे; बंदुकीवर कसले आले आहे व्याख्यान, असे माधवनगरच्या श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आले असेल. तसे येणे साहजिक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडच्या हौसेच्या शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने तिचा उरलासुरला मार्गही बंद केला. जे झाले ते योग्यच झाले, असे आमचे मत आहे. तरीही बंदुकीवरची दुर्बीण आणि काडतूस हा विषय मेलेला नाही. पिकात शिरणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याकडे परवानगी मागणारा शेतकरी आहे; माणसावर उठलेल्या जनावराचे काय करायचे याचा निर्णय कायद्याच्या अकराव्या कलमाखाली आजही घ्यावा लागतो; आणि आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील मुलामुलींनी नेमबाजीत जगभर नाव काढले आहे. ज्या हातात बंदूक आहे त्या हाताला ती कुठे मारते हे ठाऊक असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. ती वाटते तितकी सहज पुरी होत नाही.

नेम चुकल्याने काय होते, याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली कुमाऊँतील चंपावत येथे जी वाघीण मारली, तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले होते. ती पडल्यावर तिचे तोंड पाहिले तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले आढळले. कुणाची तरी गोळी कधीतरी तिच्या जबड्याला लागली होती. सुळे गेले, नेहमीचे सावज धरता येईना, आणि ती माणसाकडे वळली. गोळी झाडणारा कोण होता, त्याच्या हातात कोणती बंदूक होती, हे कुणालाच कळले नाही. घरी जाऊन त्याने 'वाघ थोडक्यात हुकला' असेच सांगितले असेल. थोडक्यात हुकणे म्हणजे किती हुकणे, हे आज आम्हांला मांडायचे आहे. कारण हा हिशेब शाळकरी गणिताचा आहे, आणि दुकानातल्या जाहिरातीत तो सापडत नाही.

प्रथम दुर्बीण. साध्या बंदुकीच्या नळीच्या टोकाशी एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या बाजूला खाच असते. खाच, माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी डोळ्याने एका रेषेत आणायच्या. अडचण अशी की डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. माशी स्पष्ट दिसली तर लक्ष्य धूसर, लक्ष्य स्पष्ट दिसले तर माशी धूसर. चाळिशी लागलेल्या माणसाला तर खाच म्हणजे नुसते धुके. दुर्बिणीने हा पेच सोडवला. तिच्यात एक उभी आणि एक आडवी अशा दोन बारीक रेषा असतात आणि त्या लक्ष्याच्या प्रतिमेवरच पडलेल्या दिसतात. डोळ्याला दोन ठिकाणी पाहावे लागत नाही. पूर्वी या रेषांसाठी कोळ्याचे जाळे वापरीत, इतक्या त्या बारीक लागत. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात नळीइतक्या लांब दुर्बिणी काही बंदुकांवर बसवलेल्या होत्या. पुढे जर्मनी आणि ऑस्ट्रियातील भिंगवाल्या कारखान्यांनी त्या आटोपशीर केल्या.

परंतु दुर्बीण नेम धरायला मदत करते, गोळी नेऊन पोचवीत नाही. हा भेद फार लोकांच्या ध्यानात राहत नाही. दुर्बिणीतून रेष जिथे दिसते तिथे गोळी जावी, यासाठी दोघींची गाठ घालून द्यावी लागते. नेमबाज याला 'झिरो करणे' म्हणतात. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीवरून हे चटकन समजेल. तिथल्या बंदुकीची माशी बहुधा वाकडी असते. नवखा मनुष्य फुग्याच्या मधोमध नेम धरतो आणि छर्रा फळीवर बसतो. दुकानदाराच्या पोराला मात्र कोणती बंदूक किती डावीकडे मारते हे पाठ असते, म्हणून तो फटाफट फुगे फोडतो. दुर्बिणीच्या अंगावर वर आणि बाजूला अशा दोन चकत्या असतात. त्या फिरवल्या की 'टिक टिक' आवाज होत रेष थोडी थोडी सरकते. पुष्कळ दुर्बिणींत एका टिकेला कोनाच्या एका मिनिटाचा चौथा हिस्सा असे माप ठेवलेले असते. एक मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर तो सुमारे २.९ सेंटिमीटर होतो. म्हणजे एका टिकेने गोळी शंभर मीटरवर सुमारे सात मिलिमीटर सरकावी. सरकते का, हा खरा प्रश्न आहे.

दुर्बिणीच्या पोटात काय असते ते पाहिले की शंका का घ्यावी हे कळेल. बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. तिच्यात भिंगे बसवलेली असतात. चकत्यांचे स्क्रू तिला दोन बाजूंनी ढकलतात आणि समोरून एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर दाबून धरते. सगळा डोलारा त्या स्प्रिंगवर. बार उडाला की बंदूक मागे लाथ मारते आणि त्या क्षणी दुर्बिणीच्या प्रत्येक भागाला गुरुत्वाकर्षणाच्या शेकडो पट हिसका बसतो. स्प्रिंग अशक्त असेल तर आतली नळी जागची हलते आणि पुन्हा नेमकी पहिल्या जागी येत नाही. कधी चकती फिरवली तरी रेष हलतच नाही. दोनतीन बार झाल्यावर एकदम उडी मारते. गंमत म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर चालणारी छर्ऱ्याची साधी बंदूक ही दुर्बिणीची मोठी वैरीण. तिचा हिसका आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी बसतो, आणि भारी रायफलीवर टिकलेली दुर्बीणही तिच्यावर खिळखिळी होते.

दुर्बिणीहूनही अधिक दगा देतात तिला बंदुकीवर आवळून धरणाऱ्या कड्या आणि त्यांचे स्क्रू. आता तो शाळकरी हिशेब करू. दोन कड्यांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. त्यांपैकी एक कडी एक दशांश मिलिमीटर सरकली. म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी. दहा सेंटिमीटरला एक दशांश मिलिमीटर हे प्रमाण हजारास एक असे पडते. तेच प्रमाण शंभर मीटरला लावले तर दहा सेंटिमीटर, दोनशे मीटरला वीस सेंटिमीटर. हरणासारख्या जनावराचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जी जागा होते ती सुमारे जेवणाच्या लहान ताटलीएवढी, वीसएक सेंटिमीटर व्यासाची. मध्यावर नेम धरला असता कागदाच्या जाडीइतक्या हलण्याने शंभर मीटरवर गोळी ताटलीच्या काठावर गेली. दोनशे मीटरवर ताटलीच्या पार बाहेर, पोटात नाही तर पायावर. जनावर उधळते, रक्त सांडीत झाडीत शिरते, आणि शोधूनही सापडत नाही. चंपावतच्या वाघिणीचा जबडा असाच कुठल्याशा काही सेंटिमीटरांनी फुटला असणार.

आपल्या सह्याद्रीच्या हवेचा विचार परदेशी कारखानदाराने केलेला असतोच असे नाही. पावसाळ्यात घराची दारे फुगून चौकटीत अडकतात, तसाच बंदुकीचा लाकडी दस्ताही फुगतो आणि नळीला एका अंगाने रेटू लागतो. उन्हाळ्यात झिरो केलेली बंदूक श्रावणात दुसरीकडे मारते आणि दोष बिचाऱ्या दुर्बिणीला लागतो. दुर्बिणीच्या आत ओल शिरली तर भिंगावर धुके साचते; पुढे बुरशीची जाळी धरते, ही ज्यांच्याकडे जुने कॅमेरे आहेत त्यांना वेगळी सांगायला नको. म्हणून चांगल्या दुर्बिणीतील हवा काढून तिच्यात कोरडा नायट्रोजन भरतात आणि सांधे रबरी कड्यांनी बंद करतात. याची परीक्षा घरी होते. कोमट पाण्याच्या बादलीत दुर्बीण बुडवून धरावी. आतला वायू तापून फुगतो. सांधा कच्चा असेल तर बुडबुडे येतात. बुडबुडे आले की दुकानदाराशी वाद घालीत न बसता ती परत करावी. दुकानदारही बहुधा ही परीक्षा जाणून असतो.

मग भरवशाची दुर्बीण ओळखावी कशी? किमतीवरून काही अंशी, परंतु केवळ किमतीवरून नव्हे. आमच्या मते तीन बारांवर विश्वास ठेवणे हा सर्वांत मोठा अपराध आहे. बंदूक एकाच छिद्रातून सगळ्या गोळ्या काढीत नाही. उत्तम बंदुकीच्याही गोळ्या थोड्या विखुरतात. जिच्या दहा गोळ्या आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात, तिच्याच पहिल्या तीन कधी योगायोगाने तीन सेंटिमीटरांत पडतील. मालक त्या तीन गोळ्यांचा कागद खिशात घालून मित्रांना दाखवीत हिंडतो. दुसरा एक प्रकार असा की गोळी डावीकडे गेली म्हणून चकती उजवीकडे फिरवायची, पुढली उजवीकडे गेली म्हणून पुन्हा डावीकडे. हा योगायोगाचा पाठलाग झाला. आधी न हलवता दहा गोळ्या झाडाव्यात, त्यांचा मध्य काढावा आणि मगच चकतीला हात लावावा. त्यानंतर चौकोनाची परीक्षा घ्यावी: वीस टिका वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, आणि दर ठिकाणी काही गोळ्या. दुर्बीण प्रामाणिक असेल तर कागदावर चौकोन उमटतो आणि शेवटच्या गोळ्या पहिल्या छिद्रांशी येऊन मिळतात. एवढ्यानेही भागत नाही. बंदूक जीपमधून खडबडीत रस्त्याने नेऊन आणावी, गवतावर आडवी पाडावी, आणि पुन्हा कागदावर पाहावे. महागडी वस्तू मुद्दाम पाडायला जिवावर येते, हे आम्हांला समजते. पण जंगलात ती आपोआप पडणारच असते.

मोठेपणाच्या हौसेविषयी थोडेसे. गिऱ्हाईक विचारते, 'किती पट मोठे दिसते?' वीस पट मोठे दिसू लागले की लक्ष्याबरोबर हाताचा कंपही वीस पट दिसतो, दिसणारा टापू आखडतो, आणि झाडीत जनावर शोधता शोधता ते निघून जाते. शिवाय दुर्बीण जड झाली की त्याच हिसक्याचा ताण कड्यांवर अधिक येतो. जंगलच्या कामाला चार पट पुष्कळ झाले. डोळा भिंगापासून आठदहा सेंटिमीटर दूर ठेवावा, हेही जाता जाता सांगून ठेवतो. न ठेवणाऱ्यांच्या भुवईवर अर्धचंद्राकृती खूण कायमची राहते.

आता काडतूस. त्याचे चार भाग: पितळेचे कवच, बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात, आणि इथे आपल्या सराफकट्ट्याची भाषा उपयोगी पडते. कारण जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. पुष्कळ शिकारी रायफलींची गोळी याच सुमाराची असते. म्हणजे शे-दीडशे मीटरवरून साडेसहाशे किलोंचा गवा पाडायचा तो एका तोळ्याच्या बळावर! हे बळ वेगातून येते. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट. सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटलेल्या तोळाभर गोळीत सुमारे ३,७०० जूल ऊर्जा असते. बारा बोरची बंदूक म्हणजे एक रत्तल शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात बसेल अशी नळी. ती गोळी तीन तोळ्यांहून जड. तिला सेकंदाला ४०० मीटर वेग दिला तर सुमारे ३,००० जूल भरतात. आकडे जवळजवळ आले, पण बारा बोरची गोल गोळी हवेत लवकर दमते आणि गुळगुळीत नळीतून ती फिरकी घेत नाही, म्हणून लांबवर सरळही जात नाही.

वेगाने सुटलेली गोळी सरळ रेषेत जाते ही समजूतही सोडली पाहिजे. नळीतून सुटताक्षणीच ती पडू लागते, झाडावरचा आंबा पडतो तशीच. सरासरी ६०० मीटर वेगाने १५० मीटर जायला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ती सुमारे ३० सेंटिमीटर खाली येते. ३०० मीटरला अर्धा सेकंद, आणि पडणे सव्वा मीटरच्या घरात. अंतर दुप्पट झाले की पडणे चौपट. अंतराचा अंदाज चुकला तर उत्तम दुर्बिणीचा उपयोग शून्य.

शिकाऱ्यांच्या गप्पांत नेहमी बोरावरून वाद रंगतो. वस्तुतः गोळी कशी घडवली आहे, याला बोराइतकेच, कित्येकदा अधिक महत्त्व असते. सगळी गोळी कठीण धातूच्या वेष्टनात असेल तर ती आरपार जाते, वाटेत बारीक भोक पाडते आणि जनावर जखमी होऊन तासन् तास पळते. टोकाशी शिसे उघडे ठेवले तर आत शिरताच ते छत्रीसारखे उमलते, जखम रुंद होते आणि प्राण लवकर जातो. या मऊ टोकाच्या गोळीला आपल्याच देशातल्या एका गावाचे नाव चिकटले आहे. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात १८९७ च्या सुमारास लष्करासाठी अशी गोळी तयार झाली. तिच्याविरुद्ध युरोपात ओरड झाली आणि १८९९ च्या हेग येथील परिषदेत उमलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा ठराव झाला. जी गोळी माणसाच्या युद्धात क्रूर ठरली, तीच जनावराच्या बाबतीत कमी यातनांची म्हणून कित्येक देशांत आवश्यक मानली जाते. युद्धात शत्रू निकामी झाला की पुरे, शिकारीत जनावर अर्धमेले सोडणे हाच गुन्हा. या फरकामुळे असे झाले. मात्र मऊ गोळी फार मऊ असून चालत नाही. गव्याच्या खांद्याच्या हाडावर ती वरच्यावर फुटून पसरली तर आत काहीच पोचत नाही. म्हणून जाड कातडीच्या जनावराला कठीण गोळी, हरणाला मऊ, आणि मधल्यांना पुढून मऊ, मागून घट्ट अशी दुहेरी घडण.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणजे आफ्रिकेतील हत्तींचा शिकारी बेल. त्याने हजारावर हत्ती मारले, आणि बहुतेक तोळ्याहून किंचित हलक्या गोळीच्या सात मिलिमीटर रायफलीने. हे ऐकून आमच्याकडचे काही रायफलप्रेमी लहान काडतुसाचे गोडवे गातात. बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदू नेमका कुठे असतो हे पाहून ठेवले होते, ही गोष्ट ते सांगायला विसरतात. मोठ्या काडतुसाचे गोडवे गाणारेही काही कमी नाहीत. त्यांना आमचे म्हणणे असे की खांदा सुजवणारी बंदूक हाती आली की चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतात. भारी काडतुसाची हुकलेली गोळी ही हलक्या काडतुसाच्या हुकलेल्या गोळीइतकीच निरुपयोगी.

आपल्याकडे तर काडतुसाची निवड शिकाऱ्याने कमी आणि सरकारनेच अधिक केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने .४५० बोर हिंदुस्थानात बंद केला. बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनी रायफलींना त्याची सामग्री मिळू नये, ही धास्ती. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे बोर काढले. वाघाला किंवा गव्याला त्यात काही फरक कळला नसेल. लष्कराचा .३०३ बोरही सामान्य परवानेदाराला वर्ज्य. म्हणून इशापूरच्या सरकारी कारखान्याची.३१५ रायफल गावोगावच्या परवान्यांवर दिसू लागली. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. त्याच्या शिक्क्याची काडतुसे पुष्कळांच्या पेटीत असतील. ती किती वर्षे पेटीत आहेत हे मात्र पाहावे. ओल लागलेल्या टोपीचा बार उशिरा उडतो किंवा उडतच नाही, आणि 'फुसका' निघाला म्हणून लगेच कुलूप उघडणे जिवावर बेतू शकते. नळी सुरक्षित दिशेला धरून चांगला अर्धा मिनिट थांबावे.

आपल्या भागात या साऱ्या विद्येचा वापर कुठे झाला, हे पाहायचे तर कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात जावे. पेंढा भरलेली जनावरे आणि भिंतीवरच्या बंदुका तिथे एकत्र पाहायला मिळतात. दाजीपूरचे रान ही संस्थानी राखीव शिकारभूमी. १९५८ साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. त्याच राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिचला जागतिक विजेत्या झाल्या होत्या. या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. पन्नास मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम १०.४ मिलिमीटरचा, आणि तो साध्या छिद्रातून पाहून फोडायचा. हे खेळाडू काडतूस कसे निवडतात ते शिकण्यासारखे आहे. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या, पण वेगवेगळ्या खेपांच्या पेट्या घेऊन आपल्याच नळीतून झाडून पाहतात. जी खेप त्या नळीला मानवते तिचाच साठा करतात. शेजारच्या माणसाच्या बंदुकीला मानवलेली खेप आपल्या बंदुकीला मानवेलच असे नाही.

राहता राहिला गवा. दाजीपूर-चांदोलीच्या रानातून तो आता उसाच्या पट्ट्यापर्यंत येतो. २०२१ च्या डिसेंबरात एक थेट सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला होता. अशा वेळी वनखात्याचा माणूस खांद्याला लावतो ती बंदूक गोळीची नसून भुलीच्या सुईची असते, आणि आतापर्यंतचे सगळे हिशेब तिला अधिकच कडक लागू पडतात. सुई जड आणि संथ, म्हणून तिचे पडणे गोळीहून कितीतरी जास्त. दाब अंतराप्रमाणे कमीअधिक करावा लागतो. जवळून जास्त दाबाने मारली तर औषध राहते बाजूला, सुईच गोळीसारखी घुसते. ती मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसल भागात बसली पाहिजे, हाडावर किंवा पोटात नव्हे. औषधाचे माप जनावराच्या वजनाच्या अंदाजावर. आणि हे सर्व शेकडो लोक ओरडत, मोबाइल उंच धरून मागे धावत असताना. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये आलेला गवा अशाच धावपळीनंतर पकडला गेला आणि दगावला. तेव्हा गवा दिसला तर घरात जावे, वाट मोकळी ठेवावी, आणि सुई मारणाऱ्याला अंतर मोजायला शांतपणे दोन मिनिटे मिळू द्यावीत.